खडूच्या समुद्रातले सी अर्चिन: दगड उचलण्याआधी त्याची जागा बघा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, केंट आणि ससेक्स परगण्यांत, समुद्राला लागून पांढरेशुभ्र कडे उभे आहेत. ओहोटीच्या वेळी त्यांच्या पायथ्याशी हिंडणाऱ्या माणसाच्या हाती कधी ना कधी एक ठरावीक दगड लागतो. तो मुठीत मावेल एवढा असतो, खालून सपाट, वरून फुगीर, आणि माथ्यापासून खाली उतरणाऱ्या पाच पट्ट्यांनी आखलेला. हा सी अर्चिनचा जीवाश्म. सी अर्चिन म्हणजे समुद्राच्या तळावर राहणारा, गोल कवचाचा, काटेरी प्राणी. तारामासा त्याचा नातेवाईक.

हा जीवाश्म दुर्मिळ नाही. डायनासोरच्या हाडासारखी त्याची बातमी होत नाही. तरीही एका प्राण्याचं रूप लाखो वर्षांत कसं पालटत जातं हे दाखवायला अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षं याच साध्या दगडाचा आधार घेतला आहे. हे शक्य झालं ते गोळा करणाऱ्यांपैकी काहींनी प्रत्येक दगडासोबत तो कड्याच्या नेमक्या कोणत्या थरातून निघाला हे लिहून ठेवलं म्हणून. जागेच्या नोंदीशिवाय अर्चिन ही नुसती सुंदर वस्तू असते, नोंद असेल तर तो पुरावा होतो. असं का, हे कळण्यासाठी आधी तो समुद्र समजून घ्यायला हवा.

खडू कशाचा बनला

फळ्यावर लिहायची कांडी बहुतेक वेळा जिप्समची असते. कड्यांमधला खडू वेगळा. ती मऊ, सच्छिद्र आणि अतिशय शुद्ध चुनखडी आहे. उत्तर क्रिटेशस काळात, म्हणजे ढोबळमानानं १० कोटी ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, ती समुद्राच्या तळाशी साचली. तेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उष्ण होती, ध्रुवांवर मोठे हिमस्तर नव्हते आणि समुद्राची पातळी फार वर होती. आजच्या इंग्लंड, उत्तर फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कचा मोठा भाग पाण्याखाली होता. जमीन लांब असल्यामुळे नद्यांची वाळू आणि माती तिथवर फारशी पोचतच नव्हती.

मग तळाशी काय पडत होतं? पाण्याच्या वरच्या थरात कोकोलिथोफोर नावाची एकपेशीय शेवाळं राहत. प्रत्येक पेशीभोवती कॅल्साइटच्या चिमुकल्या चकत्यांचं वेष्टन असतं, आणि एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. पेशी मेली किंवा कोणी खाल्ली की या चकत्या खाली जात. सुटी चकती इतकी हलकी असते की तिला तळ गाठायला फार काळ लागेल. त्यामुळे बहुतेक चकत्या शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून खाली पोचल्या, असं मानलं जातं. जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांना १८३६ साली र्‍यूगेन बेटावरच्या खडूत या चकत्या दिसल्या होत्या, पण त्या सजीवांच्या आहेत हे त्यांना वाटलं नाही. १८५७ मध्ये 'सायक्लॉप्स' या जहाजानं अटलांटिकच्या तळाचा चिखल वर काढला, आणि तो तपासताना थॉमस हक्सली यांना त्यात तशाच चकत्या सापडल्या. त्या सजीवांनीच घडवल्या आहेत हे हेन्री सॉर्बी यांनी १८६१ मध्ये मांडलं. पुढे १८६८ साली हक्सली यांनी नॉरिच शहरातल्या कामगारांपुढे खडूच्या एका तुकड्यावर अख्खं व्याख्यान दिलं. सुताराच्या खिशातल्या खडूचा इतिहास समजला तर पृथ्वीचा इतिहास समजेल, असा त्यांचा रोख होता. मला ते आजही पटतं.

हा चिखल साचण्याचा वेग हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर होता. ही संख्या लक्षात ठेवा, कारण पाच सेंटीमीटर उंचीचा अर्चिन तळावर मरून पडला तर सरासरी वेगानं तो पूर्ण गाडला जायला हजारभर वर्षं किंवा त्याहूनही अधिक काळ लागेल. त्याच्या अंगावर मागे राहिलेल्या कित्येक खुणांचं स्पष्टीकरण याच संथपणात आहे.

खडूत चकमकीच्या काळ्या गाठींचे आडवे पट्टेही दिसतात. चकमक म्हणजे सिलिका. त्या समुद्रातल्या स्पंजांच्या अंगात सिलिकेच्या बारीक सुया असत. स्पंज मेल्यावर त्या विरघळल्या आणि तळाच्या पृष्ठभागाखाली काही अंतरावर, अनुकूल रसायन जमलं तिथे, ती सिलिका पुन्हा घट्ट झाली. प्राण्यांनी चिखलात केलेली बिळं आणि अर्चिनची पोकळ कवचं या तिच्या आवडत्या जागा. म्हणून खडूतले अर्चिन दोन प्रकारांनी मिळतात. काहींचं मूळ कॅल्साइटचं कवच शाबूत असतं आणि आत खडू भरलेला असतो. काहींच्या आत चकमक भरलेली असते. बाहेरचं कवच झिजून किंवा विरघळून गेलं तर उरतो तो फक्त आतल्या पोकळीचा चकमकी ठसा. त्यावर कवचाच्या छिद्रांच्या जागी बारीक उंचवट्यांच्या रांगा दिसतात. चकमक खडूपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे. सगळा खडू धुऊन गेला तरी ती उरते. त्यामुळे असे ठसे नांगरलेल्या शेतांत आणि नद्यांच्या गोट्यांत मिळतात. हिमयुगातल्या बर्फानं वाहून नेलेल्या गाळातून ते उत्तर जर्मनीच्या सपाटीवरही पसरले आहेत.

प्राणी ओळखायचा कसा

सोललेल्या संत्र्यावर देठापासून खालपर्यंत फोडींच्या रेघा दिसतात तशी अर्चिनच्या कवचाची रचना असते. एकूण दहा पट्टे माथ्यावरून खाली उतरतात. त्यांतल्या पाच पट्ट्यांत छिद्रांच्या जोड्या असतात, आणि एकेका जोडीतून पाण्याच्या दाबावर चालणारा एकेक नळीसारखा मऊ पाय बाहेर येई. हे पाय चालायला, चिकटायला, श्वास घ्यायला आणि अन्न गोळा करायला वापरले जात. मधल्या पाच पट्ट्यांवर मोठ्या गाठी असतात. त्या गाठी म्हणजे काट्यांचे सांधे. काटा त्या गाठीवर बसून हव्या त्या दिशेला वळू शके.

कवचाची प्रत्येक पाटी म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक. जिवंतपणी तो आतून जाळीदार असतो आणि त्या जाळीत मांस भरलेलं असतं. मेल्यावर जाळीच्या पोकळ्यांत नवं कॅल्साइट त्याच स्फटिकाच्या दिशेनं भरत जातं. म्हणूनच जीवाश्म फुटला की तुटलेली कड सपाट आणि चकचकीत दिसते. खडूच्या निस्तेज पांढऱ्या पृष्ठभागावर एखादी बारीक चमकणारी रेघ दिसली तर तिथे अर्चिन, तारामासा किंवा समुद्रकमळ यांपैकी कुणाचा तरी अवशेष असण्याची शक्यता मोठी. नवख्या माणसाला मी सगळ्यात आधी ही खूण सांगेन. आकारावर नजर ठेवून हिंडणारा चकमकीच्या गोल गाठींनी फसतो, चमक शोधणारा कमी फसतो.

खडूतले अर्चिन दोन गटांत पडतात. पहिल्या गटातले साधे गोल, तोंड बरोबर खाली मधोमध आणि गुदद्वार बरोबर माथ्यावर. तोंडात पाच दातांचं एक गुंतागुंतीचं यंत्र असतं. त्याचं वर्णन ॲरिस्टॉटलनं केलं होतं म्हणून त्याला आजही ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. हे प्राणी कठीण पृष्ठभागावर चरत. टायलोसिडारिस आणि फायमोसोमा ही त्यांतली नावं. या गटातली सिडारिड कुळातली कवचं अखंड मिळणं भाग्याचं, कारण त्यांच्या पाट्या फार घट्ट जोडलेल्या नसतात आणि मेल्यावर लवकर विखुरतात. त्यांचे काटे मात्र भरपूर मिळतात. टायलोसिडारिसचा काटा गदेसारखा जाडजूड असतो. एकदा पाहिला की विसरत नाही.

दुसरा गट चिखलात राहायला सरावलेल्या अर्चिनचा, आणि खडूत त्यांचंच राज्य आहे. त्यांचं गुदद्वार माथ्यावरून सरकून मागच्या बाजूला आलेलं असतं. त्यामुळे प्राण्याला पुढची आणि मागची बाजू मिळाली, म्हणजेच एका दिशेनं सरकत जाता येऊ लागलं. एकिनोकोरिस उंच, शिरस्त्राणासारखा दिसतो आणि चिखलाच्या वरच्याच थरात अर्धवट रुतून पुढे सरके. कोन्युलस लहान शंकूसारखा. मायक्रॅस्टर बदामाच्या, म्हणजे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. तो पूर्ण गाडून घेऊन राहत असे. मायक्रॅस्टर आणि एकिनोकोरिस या दोघांनी जबडा टाकून दिला होता, कारण त्यांना चरायचं नव्हतं, अन्नकण मिसळलेला चिखल गिळायचा होता.

मायक्रॅस्टर दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरला तर त्याचं जगणं वाचता येतं. माथ्यावरच्या पाच खोलगट पाकळ्यांत छिद्रं दाट आणि लांबट आहेत, तिथले पाय श्वासासाठी होते. पुढच्या बाजूला माथ्यापासून तोंडाकडे एक खाच उतरते, तिच्यातून अन्नकण खाली येत. तोंडावर ओठासारखी एक पाटी पुढे आलेली असते. मागे गुदद्वाराखाली अतिशय बारीक गाठींचा एक पट्टा असतो. त्यावर केसासारखे सूक्ष्म काटे होते, आणि त्यांच्या हालचालीनं पाण्याचा प्रवाह तयार होऊन घाण बिळाबाहेर ढकलली जाई. माथ्यावर मधोमध चार छिद्रं दिसतात, त्यांतून अंडी किंवा शुक्राणू पाण्यात सोडले जात. एवढं सगळं एका तळहातावरच्या दगडात शाबूत राहिलं आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मायक्रॅस्टरची गोष्ट

आर्थर रो हे केंटमधल्या मार्गेट गावचे डॉक्टर. रुग्ण तपासून उरलेला वेळ त्यांनी खडूच्या कड्यांना दिला. खडू खरवडून जीवाश्म मोकळा करण्यासाठी त्यांनी दंतवैद्याचं दात कोरायचं यंत्र वापरलं, त्यामुळे इतरांच्या नजरेतून सुटणारे बारकावे त्यांना दिसले. पण त्यांचा मोठेपणा सफाईत नाही, शिस्तीत आहे. कड्याचा कुठला भाग कुठल्या थरात मोडतो हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग प्रत्येक मायक्रॅस्टर त्याच्या थरासकट जमवला. सुमारे २००० नमुने तपासून त्यांनी १८९९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

त्यांना काय दिसलं? खालच्या, म्हणजे जुन्या थरांतले मायक्रॅस्टर लांबट आणि चपटे होते. वर येत जावं तशी कवचं रुंद आणि उंच होत गेली. तोंड हळूहळू पुढच्या कडेकडे सरकलं. ओठाची पाटी आणखी पुढे येऊन तोंड झाकू लागली. पाकळ्या लांब आणि खोल झाल्या. पाकळीतल्या छिद्रांच्या दोन रांगांमधली जागा आधी गुळगुळीत होती, मग तिच्यावर सांध्याची रेघ उमटली, मग ती फुगली, आणि शेवटी तिचे मधोमध दोन भाग पडले. ही शेवटची खूण तर इतकी भरवशाची निघाली की कड्याचा तुकडा कुठल्या थराचा आहे हे तुटक्या मायक्रॅस्टरच्या नुसत्या पाकळीवरून सांगता येऊ लागलं. हा सगळा प्रवास साधारण ९ कोटी ते ८ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या काळातला. खडूच्या थरांपैकी काहींना आजही मायक्रॅस्टरच्या जातींचीच नावं आहेत: खाली कॉर्टेस्टुडिनॅरियम, वर कोरअँग्विनम.

हे बदल का झाले? १९५९ मध्ये डेव्हिड निकोल्स यांनी आज जिवंत असलेल्या हृदयाकृती अर्चिनच्या सवयी तपासल्या आणि त्यांच्याशी मायक्रॅस्टरची तुलना केली. त्यांचं उत्तर असं की मायक्रॅस्टरची ही शाखा पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक खोल बीळ करून राहू लागली. खोल जायचं तर श्वासाचे पाय जास्त लागतात, घाण बाहेर ढकलणारा प्रवाह जोरदार लागतो आणि तोंडात नको तो चिखल शिरू नये म्हणून ओठ मोठा लागतो. नंतरच्या अभ्यासकांनी या चित्रात दुरुस्त्या सुचवल्या. सगळे बदल बिळाच्या खोलीनं समजावता येत नाहीत, त्यात अन्न खाण्याच्या पद्धतीचाही वाटा असावा. शिवाय ही वाट एका सरळ रेषेची नव्हती. काही फांद्या बाजूला फुटल्या आणि काही रूपं बराच काळ एकाच समुद्रात शेजारीशेजारी नांदली. पण मूळ निरीक्षण टिकलं. वाद झाला तो कारणांवर, आणि वाद घालण्याइतकी भक्कम माहिती हाती होती ती थरांच्या नोंदींमुळे. तेच २००० अर्चिन एका पेटीत मिसळून ठेवले असते तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

मेल्यानंतर काय झालं

अर्चिन मेला की मांस कुजतं आणि काटे काही दिवसांतच गळून पडतात. म्हणून काट्यांसकट सापडलेला अर्चिन फार मोलाचा: तो मरताच, किंवा जिवंतपणीच, अचानक चिखलाखाली गेला असला पाहिजे. बाकीचे उघडी कवचं होऊन तळावर पडून राहिले. मऊ चिखलाच्या त्या विस्तीर्ण तळावर कठीण जागा फार थोड्या होत्या, आणि बसायला कठीण जागा लागणाऱ्या प्राण्यांसाठी रिकामं कवच म्हणजे घरच. एकिनोकोरिसच्या पाठीवर नळीत राहणाऱ्या किड्यांच्या वळणदार नळ्या, जाळीसारख्या ब्रायोझोआ वसाहती, लहान कालवं आणि क्रेनिया गटातले दुशिंपली प्राणी चिकटलेले दिसतात. कुठे दुसऱ्या अर्चिननं चरताना पाच दातांनी काढलेले चांदणीसारखे ओरखडे असतात. कुठे परजीवींनी केलेले गोल खड्डे असतात, आणि त्यांतल्या काहींच्या भोवती कवच सुजलेलं दिसतं. म्हणजे तो खड्डा पडला तेव्हा प्राणी जिवंत होता.

चिकटलेले प्राणी कुठे आहेत हेही बघावं. ते फक्त वरच्या बाजूला असतील तर कवच सुलटं पडून राहिलं होतं. तळाच्या सपाट बाजूवर असतील तर ते कधीतरी उलटलं होतं. साफसफाईच्या उत्साहात हे पाहुणे खरवडून टाकणारे लोक आहेत. त्यांना 'स्वच्छ' नमुना हवा असतो, आणि त्या नादात प्राण्याच्या मरणोत्तर आयुष्याची अख्खी नोंद पुसली जाते. कृपा करून हे करू नका.

गोळा करायला जाताना

सर्वांत आधी कडा. खडूचे कडे ढासळतात, पूर्वसूचना न देता ढासळतात, आणि पाऊस किंवा कडाक्याच्या थंडीनंतर जास्त ढासळतात. ससेक्समधल्या बीची हेडच्या परिसरातले कडे गेल्या दीडशे वर्षांत वर्षाला सरासरी २२ ते ३२ सेंटीमीटर मागे हटले आहेत. सरासरीचा अर्थ असा की कित्येक वर्षं काहीच होत नाही आणि मग एका दिवशी मोठा तुकडा कोसळतो. जानेवारी १९९९ मध्ये बीची हेडला असंच मोठं ढासळणं झालं. म्हणून कड्याच्या अगदी पायथ्याशी बसून काम करू नये, नुकत्याच कोसळलेल्या ढिगावर चढू नये आणि शिरस्त्राण घालावं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघावं आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी निघावं, म्हणजे परतायला वेळ उरतो. अनेक ठिकाणी कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकल्यावर वर चढायला वाटच नसते.

दुसरी गोष्ट कायद्याची. इंग्लंडमधले खडूचे पुष्कळसे कडे संरक्षित क्षेत्रांत येतात, आणि तिथे खोदण्यावर बंधनं असतात. जमिनीच्या मालकाची परवानगी हा वेगळा प्रश्न. डेन्मार्कमध्ये म्योन्स क्लिंट इथे किनाऱ्यावर सुटं पडलेलं उचलता येतं, कड्याला हातोडा लावायचा नाही. शिवाय १९९० पासून डेन्मार्कचा कायदा असा आहे की असाधारण वैज्ञानिक मोलाचा जीवाश्म सरकारजमा होतो आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. हौशी माणसाला चोर न ठरवता ती त्याला शास्त्राच्या कामात सामील करून घेते. जिथे जाल तिथले नियम आधी विचारा, एवढंच सर्वत्र लागू पडतं.

सुटे दगड उचलण्यानं फारसं नुकसान होत नाही. समुद्र ते तसेही दळून टाकणार असतो. हिवाळी वादळानंतर किनारा नव्यानं धुतला जातो तेव्हा शोध चांगला होतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना गाठी आणि पाकळ्यांच्या सावल्या पडतात आणि डोळ्यांना सहज दिसतात. लाटांनी सपाट केलेल्या खडकावर अर्चिनचा अनेकदा आडवा छेदच दिसतो: कॅल्साइटची बारीक अंडाकृती कड आणि आत खडू. तो सोडून पुढे जा. असा अर्चिन खणायला गेलं तर हमखास फुटतो. गोल गोट्यांमध्ये पोरोस्फेरा नावाचा स्पंजही भरपूर सापडतो. लहान, गोल, कधी मधून आरपार छिद्र असलेला. त्याला लोक अर्चिन समजतात. पाच भागांची आखणी नसेल तर तो अर्चिन नव्हे.

आता नोंद. सापडल्याबरोबर, जागेवरच, लिहायचं. गाव आणि किनारा पुरेसा नाही. कड्याच्या कुठल्या टोकापासून किती अंतरावर, दगड सुटा होता की खडकात रुतलेला, रुतलेला असेल तर जवळच्या चकमकीच्या पट्ट्यापासून किंवा चिकणमातीच्या थरापासून किती वर किंवा खाली, तोंड कुठल्या दिशेला होतं, तारीख कोणती, सापडवणारा कोण. जागचा एक फोटो, मोजपट्टी ठेवून. दगड कागदात गुंडाळताना चिठ्ठी त्याच पुडीत घालायची. घरी गेल्यावर नमुन्याच्या तळाला, जिथे बारकावे झाकले जाणार नाहीत अशा जागी, छोटा क्रमांक लिहायचा आणि तोच क्रमांक वहीत. चिठ्ठ्या हरवतात, दगडावरचा क्रमांक सहसा हरवत नाही. सुटा दगड असेल तर 'सुटा' असंच लिहावं. अंदाजानं थर लिहिणं हे काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या माणसाला तो अंदाज खरा वाटतो.

साफ करायला घाई नको. किनाऱ्यावरच्या दगडात मीठ मुरलेलं असतं. ते सुकताना स्फटिक होऊन पृष्ठभाग सोलवटतं. म्हणून नमुना गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, आणि नंतर सावलीत हळूहळू सुकू द्यायचा. खडू मऊ असतो. लाकडी टोकदार काडी, जुना दात घासायचा ब्रश आणि धीर यांनी बहुतेक काम होतं. कठीण जागी सुई, भिंगाखाली, कवचाला न टेकवता. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल वापरू नका: खडू आणि कवच दोन्ही कॅल्साइटच आहेत, आम्ल दोघांनाही सारखंच खातं आणि आधी जातात ते सगळ्यात बारीक तपशील. कॉस्टिक पोटॅशचे कण वापरून खडू भुसभुशीत करण्याची पद्धत काही जाणकार वापरतात. ते रसायन कातडी आणि डोळे जाळतं, त्यामुळे शिकवणारं कोणी सोबत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

माणसांनी फार पूर्वीपासून उचललेले

ही आवड आजची नाही. केंटमधल्या स्वॉन्सकोम इथे अश्मयुगातली एक हातकुऱ्हाड मिळाली. ती ज्या चकमकीतून घडवली तिच्यात अर्चिनचा जीवाश्म आहे, आणि कारागिरानं तो फोडून टाकलेला नाही. डन्स्टेबल डाउन्स या टेकड्यांवर १८८७ साली वर्दिंग्टन स्मिथ यांनी एक कबर उकरली. तीत एक स्त्री आणि एक लहान मूल होतं, आणि त्यांच्यासोबत २०० हून अधिक अर्चिन होते. हॅम्पशायरमध्ये लिंकनहोल्टच्या चर्चला खिडकीभोवती चकमकीचे अर्चिन बसवलेले आहेत. इंग्लंडमधल्या मेंढपाळांनी त्यांना मुकुट म्हटलं. सफकमधल्या बायकांनी त्यांना पऱ्यांचे पाव म्हटलं आणि घरात कधी भाकरी कमी पडू नये म्हणून चुलीजवळ ठेवलं. डेन्मार्कमध्ये वीज पडू नये म्हणून ते घरात ठेवत.

डेन्मार्कमधल्याच स्टेव्हन्स क्लिंट या कड्यात खडूच्या समुद्राचा शेवट उघडा पडला आहे. खाली क्रिटेशसचा खडू, वर नंतरच्या काळाची चुनखडी, आणि दोन्हींच्या मध्ये काही सेंटीमीटर जाडीचा काळपट चिकणमातीचा थर. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उल्काघाताचा पुरावा असलेलं इरिडियम इथल्या थरातही मिळालं, आणि २०१४ मध्ये हा कडा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आला. डायनासोर, ॲमोनाइट आणि खडू बनवणाऱ्या शेवाळांच्या बहुतेक जाती या थराशी संपतात. अर्चिनपैकी कित्येक वंश मात्र तो ओलांडतात: एकिनोकोरिस वरच्या चुनखडीत आहे, टायलोसिडारिसही आहे. वरच्या चुनखडीत तर टायलोसिडारिसच्या जाती इतक्या पद्धतशीरपणे बदलत जातात की डॅनिश भूवैज्ञानिकांनी त्या थरांची विभागणी त्यांच्यावरूनच केली. आणि त्यासाठी अखंड कवच लागत नाही. नीट नोंद केलेला एक जाडजूड काटा पुरतो.